सॅमनची मोजणी: ओरेगनच्या ओढ्यांमधल्या हंगामी कामाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात या कामाच्या जाहिराती निघाल्या की अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींचे प्रश्न सुरू होतात. बहुतेक जण पर्यावरणशास्त्र, प्राणिशास्त्र नाहीतर जीआयएस शिकणारे असतात. अधूनमधून त्यांचे आईवडीलही विचारतात. सगळ्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. मी काम करते ते ओरेगन राज्याच्या किनाऱ्यालगतच्या नद्यांमध्ये, मुख्यतः कोहो जातीच्या सॅमन माशांवर, म्हणून उत्तरंही तिथलीच आहेत. वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, ब्रिटिश कोलंबियात पद्धती थोड्या वेगळ्या असतात.

हे काम नेमकं आहे तरी काय?

समुद्रात वाढलेला सॅमन अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परततो. पॅसिफिक महासागरातले चिनूक, कोहो, सॉकआय, चम आणि पिंक हे पाचही सॅमन अंडी घालून झाल्यावर मरतात. त्यांचा भाऊबंद स्टीलहेड मात्र कधीकधी वाचून पुन्हा समुद्रात जातो. किती मासे परतले आणि त्यातल्या कितींनी खरोखर अंडी घातली हे कळण्यासाठी माणसं ओढ्यांतून चालतात. ओढ्याचा ठरलेला तुकडा, साधारण मैलभराचा, हंगामभर दर आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा पुन्हा चालायचा. दर वेळी जिवंत मासे, मेलेले मासे आणि घरटी मोजायची. चिनूक ऑक्टोबरपासून दिसू लागतो, कोहोचा जोर नोव्हेंबर ते जानेवारी आणि स्टीलहेडचं काम थेट मे महिन्यापर्यंत चालतं.

रावस म्हणजेच सॅमन ना?

नाही. मुंबईच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण दोघांचं कूळ वेगळं आहे. रावस हा आपल्या किनाऱ्याचा मासा आहे आणि तो मिळतो तेव्हा उत्तमच लागतो. डोंगरातल्या गार ओढ्यांत जाऊन गोट्यांखाली अंडी पुरणारा सॅमन हा नव्हे.

एवढं मोजून कुणाचं काय भलं होतं?

पुढच्या वर्षी समुद्रात आणि नदीत किती मासे धरू द्यायचे, हे या आकड्यांवरून ठरतं. ओरेगनच्या किनाऱ्यावरचा कोहो 1998 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आला. 1990च्या दशकात काही वर्षी या सगळ्या किनाऱ्यावर मिळून पंचवीस हजारांच्या आसपासच जंगली कोहो परतत होते. 2011 मध्ये तोच आकडा साडेतीन लाखांच्या घरात गेला आणि नंतर पुन्हा घसरला. हे चढउतार आपल्याला माहीत आहेत, कारण दर वर्षी कुणीतरी पावसात भिजत ओढे चाललं होतं.

वॉशिंग्टन राज्यात या मोजणीला हक्कांचीही बाजू आहे. 1850च्या दशकातल्या करारांनुसार धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा तिथल्या आदिवासी राष्ट्रांचा, असा निकाल न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी 1974 मध्ये दिला. निम्मा वाटा द्यायचा तर एकूण किती ते आधी कळायला हवं. म्हणून तिथे आदिवासी राष्ट्रांचे जीवशास्त्रज्ञ आणि राज्याचे कर्मचारी बरोबरीनं नद्या मोजतात.

आणि एक अलीकडची गोष्ट. ओरेगन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024 मध्ये काढून झाली. त्याच ऑक्टोबरमध्ये जुन्या धरणांच्या वर, ओरेगनच्या हद्दीतल्या एका उपनदीत, चिनूक सापडला. 1912 नंतर त्या भागात पोचलेला हा पहिला सॅमन. जीवशास्त्रज्ञ तिथे जाऊन पाण्यात बघत होते म्हणूनच तो दिसला.

दिवस कसा जातो?

सकाळी गाडीत सामान भरून जंगलाच्या कच्च्या रस्त्यानं निघायचं. हे रस्ते लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचे असतात. समोरून येणारा ट्रक थांबू शकत नाही, म्हणून रेडिओवर आपण कितव्या मैलावर आहोत ते सांगत जायचं. बराचसा ओढा खाजगी जमिनीतून वाहतो, कधी लाकूड कंपनीच्या तर कधी एखाद्या शेतकऱ्याच्या. परवानगी आधीच घेतलेली असते, तरी फाटक उघडलं की मागे बंद करायचं आणि कुणी दिसलं तर थांबून दोन शब्द बोलायचं. त्या माणसानं पुढच्या वर्षी नाही म्हटलं तर कित्येक वर्षांची नोंद तुटते.

पाण्यात उतरलं की पहिलं काम पाण्याची नोंद. डोहाचा तळ दिसतो का, फक्त उथळ भागाचा दिसतो, की काहीच दिसत नाही? ही नोंद माशांच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. लहान ओढ्यात आम्ही बहुधा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं चालतो. मासेही तोंड वरच्या बाजूलाच करून असतात, त्यामुळे त्यांना मागून गाठता येतं आणि ढवळलेला गाळ आपल्या मागे राहतो. मोठ्या नदीत छोट्या रबरी बोटीतून खाली वाहत यावं लागतं.

चालणं अगदी सावकाश. दर डोहाआधी थांबायचं, पाण्यात पडलेल्या ओंडक्यांखाली बघायचं, सावली हलते का ते बघायचं. मादी खणत असेल तर तिचं कूस बदलणं पांढऱ्या झगमगाटानं कळतं. मैलभर ओढ्याला दोन-तीन तास सहज लागतात, कारण मध्ये झाडं आडवी पडलेली असतात आणि काठावर ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. दोन तुकडे झाले की अंधार पडतो. डिसेंबरात साडेचारलाच दिवस संपतो.

मासे ओळखायचे कसे? सगळे सारखेच दिसतात.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना तसंच वाटतं. चिनूकच्या हिरड्या काळ्या असतात आणि शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके असतात. कोहोच्या काळसर तोंडात हिरडीची रेघ पांढरट आणि ठिपके शेपटीच्या फक्त वरच्या पाकळीवर. चमच्या अंगावर जांभळे-हिरवे उभे पट्टे. सॉकआय अंडी घालायच्या वेळी लालभडक होतो, डोकं हिरवं. पिंक नराच्या पाठीला मोठं कुबड येतं.

पण तोंड उघडून बघता येतं ते मेलेल्या माशाचं. जिवंत मासा दोन सेकंद दिसतो, तोही पाठमोरा. त्या वेळी आकार, पोहण्याची ढब आणि महिना यांवरून ठरवावं लागतं. खात्री नसेल तर ‘ओळख पटली नाही’ असा रकाना आहे. तो खुशाल वापरा.

नरांमध्ये एक लहानखुरा प्रकार असतो, त्याला ‘जॅक’ म्हणतात. हे कोहो एक वर्ष आधीच परततात. साधारण वीस इंचांपेक्षा लहान कोहो नर जॅकच्या रकान्यात जातो. मोठे नर एकमेकांशी झुंजत असतात तेव्हा हा कडेनं शिरून अंडी फळवून जातो. त्याला वेगळं मोजायचं कारण म्हणजे यंदा जॅक जास्त आले तर पुढच्या वर्षी मोठे मासेही जास्त येतील, असा अंदाज बांधता येतो.

घरटं म्हणजे काय? पाण्यात घरटं कसं दिसतं?

सर्व्हेवाले त्याला ‘रेड’ म्हणतात. मादी आडवी होऊन शेपटीनं तळाचे गोटे उडवते आणि खळगा करते. त्यात अंडी घालते, नर त्यांवर वीर्य सोडतो. मग ती जरा वर सरकून पुन्हा खणते, म्हणजे उडालेली खडी आधीच्या अंड्यांवर पडून ती झाकली जातात. त्यामुळे रेडला दोन भाग असतात: वरच्या बाजूला खळगा आणि त्याच्या खाली प्रवाहाच्या दिशेनं उंचवटा. अंडी असतात ती उंचवट्यात. कोहोचं रेड बहुधा मीटर-दीड मीटर लांब असतं, चिनूकचं आणखी मोठं.

नवीन रेड लांबून ओळखू येतं. ओढ्यातल्या बाकी दगडांवर शेवाळाचा तपकिरी थर असतो आणि मधेच घासून ठेवलेल्या भांड्यांसारखे लख्ख गोटे चमकतात. काही आठवड्यांत शेवाळ परत चढतं आणि पूर आला की सगळं सपाट होतं. म्हणून नवीन रेड दिसलं की काठावरच्या फांदीला रंगीत फीत बांधतो. फितीवर तारीख आणि रेड फितीपासून किती अंतरावर, कुठल्या दिशेला आहे ते लिहितो. पुढच्या खेपेला तेच पुन्हा मोजलं जात नाही.

फसवणारी रेड्सही भरपूर. मादी कधीकधी जरा खणून बघते, जागा पसंत पडत नाही म्हणून सोडून देते. नुसत्या प्रवाहानंही खळगे पडतात. खळगा आहे पण नीट उंचवटा नाही, किंवा उंचवट्यातली खडी सैल नाही, तर ते रेड धरायचं नाही. आणि उंचवट्यावर पाय कधीही द्यायचा नाही. पहिले काही आठवडे अंडी इतकी नाजूक असतात की नुसत्या हादऱ्यानं मरतात. म्हणून उथळ खडीतून चालताना काठानं जायचं, मग कितीही काटे लागोत.

मेलेल्या माशांचं काय करता?

मला विचाराल तर सगळ्यात जास्त माहिती तिथेच मिळते. आधी शेपटीजवळचा, पाठीवरचा छोटा मांसल पर बघायचा. हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेल्या पिलांचा हा पर सोडण्याआधी कापलेला असतो. तो शाबूत असेल तर मासा बहुधा जंगली. मग डोळ्यापासून मापपट्टीनं लांबी घ्यायची. नाकासकट घेत नाही, कारण अंडी घालायच्या काळात नराचं नाक लांब आणि वाकडं होतं. पाठीच्या पराच्या थोडं मागून, मधल्या रेषेच्या वरचे काही खवले चिमट्यानं काढून पाकिटात ठेवायचे. खवल्यांवर वर्तुळं असतात, त्यांवरून वय कळतं.

काही माशांच्या नाकात एक मिलिमीटरच्या आसपास लांबीची तार असते, पिलू असताना टोचलेली. तिच्यावर सांकेतिक क्रमांक असतो. डिटेक्टर वाजला की डोक्याचा पुढचा भाग कापून पिशवीत घालून प्रयोगशाळेत पाठवायचा. त्या क्रमांकावरून मासा कुठल्या हॅचरीतून, कुठल्या वर्षी सुटला होता ते कळतं.

मादी असेल तर पोट चिरून गाबोळी बघतो. रिकामं पोट म्हणजे अंडी घालून झाली. भरलेलं असेल तर ती अंडी घालण्याआधीच मेली, आणि याची नोंद फार महत्त्वाची आहे. सिएटलच्या आसपासच्या शहरी ओढ्यांत पावसानंतर कोहो माद्या भरल्या पोटी मरताना दिसत होत्या. अनेक वर्षं कारण सापडत नव्हतं. अखेर डिसेंबर 2020 मध्ये शोध लागला: गाड्यांच्या टायरांतल्या एका रसायनापासून तयार होणारं 6पीपीडी-क्विनोन पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात येतं आणि कोहोला काही तासांत मारतं. प्रयोगशाळेनं कारण शोधलं, पण मासे मरत होते हे ओढ्यात चालणाऱ्यांच्या वह्यांत आधीपासून होतं. त्यांत स्वयंसेवकही होते.

सगळं झालं की शेपटी कापायची, म्हणजे तोच मासा पुन्हा मोजला जाणार नाही, आणि मासा जिथे होता तिथेच ठेवायचा. तो आता ओढ्याचा आहे. किडे, पक्षी, अस्वलं, काठावरची झाडं आणि पुढच्या वसंतात बाहेर येणारी त्याचीच पिलं, सगळी त्यावर जगतात.

जिवंत मासा दहा दिवसांनी पुन्हा दिसला तर दोनदा मोजला जाईल ना?

जाईल, आणि हिशेबात ते धरलेलं असतं. समजा, दहा-दहा दिवसांच्या अंतरानं पाच खेपा झाल्या आणि दिसले 0, 20, 50, 30, 0 मासे. नुसती बेरीज केली तर 100, जास्तीत जास्त एका दिवशी दिसले 50. खरा आकडा यांतला कुठलाच नाही. आलेख काढून रेषेखालचं क्षेत्रफळ मोजलं तर 1000 ‘मासा-दिवस’ (एक मासा एक दिवस ओढ्यात असला की एक) येतात. कोहो अंडी घालायच्या जागी सरासरी सुमारे 11 दिवस जगतो असं धरून भागलं की 90च्या आसपास मासे. शिवाय चालणाऱ्याला सगळे मासे दिसत नाहीत, त्यासाठी आणखी एक दुरुस्ती. म्हणूनच खेप चुकवायची नाही. मधली एक खेप गेली की आलेखाचं टोकच नाहीसं होतं.

आणि काहीच दिसलं नाही तर?

तर शून्य लिहायचं. नवीन माणसाला हे सगळ्यात जड जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बरेचसे तुकडे संगणकानं यादृच्छिक पद्धतीनं निवडलेले असतात. ते चांगले म्हणून निवडलेले नसतात. काहींत हंगामभर एकही मासा येत नाही. तिथेही तितक्याच वेळा, तितक्याच सावकाश चालायचं. त्या तुकड्यावरून अख्ख्या खोऱ्याचा अंदाज निघतो. ‘इथे काही नसतं, पलीकडच्या ओढ्यात भरपूर आहेत, तिकडे जाऊ’ असं केलं की खोऱ्यातले मासे कागदावर वाढतात आणि त्या वाढलेल्या आकड्यावर समुद्रात जाळी पडतात.

पण शून्य आणि ‘बघता आलं नाही’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता, तर तिथे शून्य लिहिणं खोटं ठरेल. तशी नोंद करायची आणि पाणी निवळल्यावर परत जायचं. दमलेल्या संध्याकाळी हा फरक नेमका पाळणारी माणसंच मला या कामात हवीशी वाटतात. मासे ओळखणं सगळ्यांना शिकवता येतं.

लहान आकड्यांनी काय होतं ते आयडाहोतल्या रेडफिश तलावानं दाखवलं आहे. समुद्रापासून सुमारे 1,450 किलोमीटर आत असलेल्या या तलावात 1992 मध्ये एकच सॉकआय परतला, एकटा नर. लोक त्याला ‘लोनसम लॅरी’ म्हणू लागले. त्याचं वीर्य गोठवून ठेवलं गेलं आणि ती जात टिकवण्याच्या प्रयत्नांत पुढे वापरलं गेलं. तो एक नोंदला गेला नसता तर?

पोहता येत नाही. चालेल का? आई घाबरते.

आईचं घाबरणं बरोबर आहे. पोहणं यायला हवं, पण त्याहून जास्त हवं ते मागे फिरण्याचं धैर्य. पाणी मांडीच्या वर आणि वेगात असेल तर ओलांडायचं नाही. आडव्या पडलेल्या झाडाच्या वरच्या बाजूला तर मुळीच उतरायचं नाही. प्रवाह माणसाला फांद्यांखाली दाबून धरतो. कमरेला पट्टा बांधल्याशिवाय वेडर्स (पाण्यात उतरायचे छातीपर्यंतचे जलरोधक कपडे) घालायचे नाहीत, हातात काठी हवीच. पाणी पाच-सहा अंशांचं असतं, आत शिरलं की बोटं काम करेनाशी होतात. परतायची वेळ ऑफिसात कळवलेली असते आणि त्या वेळेत निरोप आला नाही तर शोध सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हरीण आणि एल्कच्या शिकारीचे दिवस, त्यामुळे भडक केशरी जॅकेट घालायचं.

अस्वलं दिसतात, ओरेगनमध्ये काळी. बोलत, आवाज करत चाललं की तीच बाजूला होतात.

सामान काय लागतं?

वेडर्स, बूट, काठी बहुधा ऑफिस देतं. स्वतःचा चांगला पोलराइज्ड चष्मा घ्या, त्याशिवाय पाण्यावरच्या चकाकीपलीकडे काही दिसत नाही. लोकरीचे मोजे, आत घालायचे लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे. सुती काही नको, ओलं झालं की ऊब संपते. नोंदी न भिजणाऱ्या कागदावर पेन्सिलीनं किंवा टॅबलेटवर. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना बूट घासून, वाळवून न्यायचे. न्यूझीलंडची चिमुकली चिखलगोगलगाय बुटांना चिकटूनच नव्या नद्यांत पोचते.

मी शाकाहारी आहे. कुजलेल्या माशांना हात लावणं जमेल का?

वास येतो, आणि तो कपड्यांतून, गाडीतून लवकर जात नाही. हातमोजे असतात. माझ्या ओळखीच्या काही उत्तम सर्व्हेवाल्यांनी आयुष्यात मासा चाखलेला नाही. पहिले दोन आठवडे कठीण जातात, नंतर लक्ष खवल्यांवर आणि मापावर असतं.

ताजा मेलेला मासा घरी नेता येतो का? कुत्रा बरोबर नेला तर?

दोन्हीला नाही. मासा नेणं बेकायदा आहे, आणि समुद्र सोडल्यापासून न खाता चरबी जाळत आलेल्या त्या माशाच्या मांसात काही उरलेलंही नसतं. कुत्र्याचं कारण जास्त गंभीर. इथल्या कच्च्या सॅमनमध्ये एक सूक्ष्म चपटकृमी असतो आणि त्यातल्या जिवाणूमुळे कुत्र्यांना जीवघेणा आजार होतो. उपचार लवकर मिळाले तर कुत्रा वाचतो. ओढ्याकाठी फिरायला नेत असाल तर साखळी सोडू नका.

सोनार (ध्वनिलहरींनी मासे टिपणारं यंत्र) आहे, ड्रोन आहेत. माणसं कशाला?

तीही साधनं वापरतात, जागा बघून. ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर नदीवर मिशन या गावाजवळ सोनार आहे. कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणात 1938 पासून मासे मोजले जातात. अलास्काच्या ब्रिस्टल बेमध्ये नदीकाठच्या मनोऱ्यावरून दर तासाला दहा मिनिटं सॉकआय मोजतात. पण दाट झाडीखालच्या तीन मीटर रुंद ओढ्यात, ओंडक्याखालच्या मादीच्या पोटात गाबोळी उरली आहे का, हे हातानंच बघावं लागतं.

विद्यार्थी व्हिसावर हे काम करता येतं का? अर्ज कधी करायचा?

पदवीनंतरच्या ओपीटीवर (शिकलेल्या विषयात तात्पुरतं काम करायच्या परवानगीवर), काम तुमच्या विषयाशी जुळत असेल तर शक्य आहे. पण नियम बदलतात, म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारा. ओरेगनच्या मत्स्य व वन्यजीव विभागात या पदाला ‘एक्स्पेरिमेंटल बायॉलॉजी एड’ म्हणतात, वॉशिंग्टनमध्ये ‘सायंटिफिक टेक्निशियन’. जाहिराती उन्हाळ्यात येतात. गाडी चालवता येणं जवळपास सगळीकडे सक्तीचं. पगार तासावर, काम काही महिन्यांचं, आणि राहण्याची सोय बहुधा स्वतःच करावी लागते. लहान गावात हंगामापुरती खोली मिळणं सोपं नसतं, ते आधी बघा.

आपल्याकडे असं काही करता येईल का?

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात कोकणात आणि घाटमाथ्यालगत मासे ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात. चढणीचे मासे, वलगणीचे मासे, कुणाला माहीत नाहीत! तेही अंडी घालायलाच निघालेले असतात आणि गाबोळीनं भरलेलेच पकडले जातात. इथली पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, कारण आपलं पावसाळी पाणी लाल आणि गढूळ असतं, तळ दिसत नाही. पण ठरलेला ओढा, ठरलेली जागा, दर वर्षी पहिल्या पावसापासून ठरलेले दिवस, कुठल्या जातीचे किती मासे चढले आणि किती भरलेले होते, ही नोंद एखादं महाविद्यालय किंवा गावातली मंडळी ठेवू शकतात. दहा वर्षं ठेवली तर तिचं मोल फार मोठं होईल. करणार असाल तर जरूर करा, आणि दिसलं नाही त्या दिवसाचीही नोंद ठेवा.

काम नको, फक्त बघायला जायचंय. कुठे जाऊ?

ब्रिटिश कोलंबियात कॅमलूप्सच्या पूर्वेला ॲडम्स नदी. तिथे दर चार वर्षांनी सॉकआयचं मोठं वर्ष येतं. 2018, 2022, 2026 अशा क्रमानं. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गाठा. व्हिक्टोरियाजवळच्या गोल्डस्ट्रीम उद्यानात शरदाच्या अखेरीस चम अगदी पायवाटेशेजारी दिसतात. सिएटलमध्ये बॅलर्ड लॉक्सला आणि पोर्टलंडहून तासाभरावरच्या बॉनव्हिलला काचेतून वर जाणारे मासे बघता येतात. कुठेही गेलात तरी काठावरूनच बघा, पाण्यात उतरू नका, दगड टाकू नका आणि पोलराइज्ड चष्मा न्यायला विसरू नका.